आठ वर्षांनी गोळी थांबवली, तेव्हा काय काय झालं?

(हे या भागाचं लिखित रूप. ट्रेनमध्ये, बसमध्ये आवाज नीट येत नसेल तर वाचा. बोलताना जिथे अडखळले ते काढलंय, बाकी जसं बोलले तसं ठेवलंय.)



आजचा भाग पाळीवर आहे, आणि पाळीच्या गोळ्यांवर आहे. मुलगे ऐकत असतील तर प्लीज पुढे ढकलू नका, तुमच्या घरात बहीण आहे, उद्या बायको असेल. आणि एक गोष्ट आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहिते. आज जे सांगणार आहे ते थोडं माझ्या अनुभवातून आणि थोडं वर्षभर डॉक्टरांना प्रश्न विचारून आणि वाचून कळलेलं. तुमच्या तब्येतीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबतच घ्या.

तर गोष्ट सुरू होते गेल्या वर्षी मार्चमध्ये, एका सकाळच्या मीटिंगमध्ये.

स्क्रीनचा अर्धा भाग गायब

मी लॅपटॉपसमोर बसले होते. बोलता बोलता लक्षात आलं की स्क्रीनच्या डाव्या बाजूची अक्षरं दिसतच नाहीयेत. मग तिथे एक चमचमणारी, दातेरी रेघ आली. करवतीच्या पात्यासारखी. ती हळूहळू मोठी होत गेली. एक डोळा मिटला तरी दिसतेय, दुसरा मिटला तरी दिसतेय. वीस मिनिटांनी गेली आणि मग डोकं असं ठणकायला लागलं की मी दिवा बंद करून पडून राहिले.

मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, नंबर तोच. त्या महिन्यात हे अजून दोनदा झालं. मग फिजिशियनकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, बीपी घेतलं आणि विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत का?"

मी म्हटलं, "नाही. म्हणजे, पाळीची आहे एक. पण ती आठ वर्षांपासून आहे."

ते लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, "ती आजपासून बंद."

झालं असं होतं की मला ऑरा असलेली मायग्रेन सुरू झाली होती. आपण ज्याला अर्धशिशी म्हणतो, त्यातला एक प्रकार. डोकं दुखण्याआधी अशा रेघा दिसतात, काहींना हाताला मुंग्या येतात, काहींचे शब्द अडखळतात. आणि ज्यांना ऑरा येतो त्यांनी इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घ्यायची नसते. वय कितीही असो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांत ही जोडी सरळ "वापरू नये" या गटात आहे. कारण दोन्ही मिळून स्ट्रोकचा, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडण्याचा धोका वाढतो. तरुण वयात हा धोका मुळात खूप कमी असतो, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण टाळता येण्यासारखा धोका डोक्यावर घेऊन कशाला फिरायचं?

मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. मी गर्भनिरोधक गोळी घेतेय, हे मला माहीत होतं, पण मी तसं कधी म्हणत नव्हते. आमच्या घरात ती "पाळीची गोळी" होती.

आईने खोकं फाडलं होतं

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, एकोणीस वर्षांची. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने यायची नाही. आई मला गावातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. सोनोग्राफी झाली, "पीसीओडी आहे" म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. एकवीस दिवस घ्यायच्या, सात दिवस थांबायचं, परत सुरू. किती महिने? "लग्नापर्यंत चालू राहू दे." बीपी घेतलं नाही, डोकं दुखतं का विचारलं नाही. सगळी भेट पाच-सात मिनिटांची.

मेडिकलमधून बाहेर आल्यावर आईने रिक्षातच गोळ्यांचं खोकं फाडलं. स्ट्रिप तेवढ्या ठेवल्या. खोक्यावर काय लिहिलंय ते हॉस्टेलवर कुणी वाचायला नको म्हणून. मला म्हणाली, "कुणी विचारलं तर सांग, रक्तवाढीची आहे."

आईचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. लग्न न झालेल्या मुलीच्या बॅगेत ती गोळी सापडली असती तर लोकांनी काय म्हटलं असतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण त्या खोक्यात एक घडी घातलेला कागद असतो. ही गोळी कुणी घेऊ नये, कशावर लक्ष ठेवावं, ते त्यात बारीक अक्षरात छापलेलं असतं. तो कागद दर महिन्याला खोक्यासोबत कचऱ्यात जात होता. आईची सवय मलाही लागली, मी पुण्यात एकटी राहायला लागल्यावरसुद्धा खोकं फाडून टाकायचे. तो कागद मी पहिल्यांदा वाचला तो सत्ताविसाव्या वर्षी, मोबाइलवर, डॉक्टरांनी गोळी बंद केल्यावर. त्यात मायग्रेनचा उल्लेख होता.

आधी तीन गोळ्या वेगळ्या करू

आपल्याकडे "त्या गोळ्या" म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी एकाच डब्यात टाकल्या जातात.

एक, पाळी पुढे ढकलायची गोळी. गणपतीत, सत्यनारायणाला, घरच्या लग्नात घेतात ती. त्यात प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असतं, थोडेच दिवस घेतात. ती रोजची गर्भनिरोधक गोळी नाही.

दोन, असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी. ती इमर्जन्सीसाठी.

तीन, रोजची गोळी. माला-डी, माला-एन ही नावं भिंतींवर, टीव्हीवर पाहिली असतील. त्यात दोन हार्मोन असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात, त्यातल्या २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. म्हणजे गोळी घ्यायची सवय मोडत नाही आणि लोहही मिळतं.

आज मी तिसऱ्या गोळीबद्दलच बोलतेय.

आपल्याकडे ही गोळी घेणाऱ्या तशा कमीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के स्त्री-नसबंदीवर होत्या आणि गोळीवर फक्त ५.१ टक्के. आणि हा आकडा विवाहित बायकांचा. एकोणीस वर्षांची, लग्न न झालेली, "पाळीसाठी" गोळी घेणारी मी त्यात मोजलेच गेले नसते. म्हणून गोळी थांबवल्यावर काय होतं याबद्दल मला विचारायला घरात, नात्यात कुणी सापडलंच नाही. आई, मावशी, आत्या, कुणालाच अनुभव नाही.

ती पाळी पाळी नव्हतीच

हा मुद्दा मला आठ वर्षांत कुणी सांगितला नव्हता, तेव्हा नीट ऐका.

एरवी काय होतं? मेंदूच्या तळाशी पिच्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. ती अंडाशयाला निरोप पाठवते, एक बीज तयार करा. बीज तयार होतं, बाहेर पडतं. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांनी ते उतरतं आणि गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं. ही पाळी.

गोळी घेतल्यावर रक्तात रोज बाहेरून हार्मोन येतं. पिच्युटरीला वाटतं, सगळं आहे की. ती निरोपच पाठवत नाही. बीज तयार होत नाही, म्हणून गर्भ राहत नाही. आणि गोळ्यांच्या सुट्टीत जे रक्त जातं ते फक्त बाहेरून येणारं हार्मोन अचानक थांबल्यामुळे. त्याला विड्रॉवल ब्लीड म्हणतात.

म्हणजे आठ वर्षं माझी पाळी "घड्याळासारखी" यायची असं मी अभिमानाने सांगायचे, ते घड्याळ माझं नव्हतंच. ते स्ट्रिपचं घड्याळ होतं. ब्रिटनमधल्या तज्ज्ञ संस्थेने तर २०१९ मध्ये सांगितलं की त्या सात दिवसांच्या सुट्टीचा आरोग्याला काही फायदा नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिममध्ये बिघाड होता आणि कुणीतरी अलर्ट म्यूट करून ठेवले होते. म्यूट करणं वाईट नाही. कधी कधी तेच लागतं. पण डॅशबोर्ड हिरवा दिसतोय म्हणजे बिघाड गेला, असं मी धरून चालले होते.

माझी नोंदवही

गोळी थांबवली त्या रात्री मी एक शीट बनवली. सवयच ती. तारीख, कितवा दिवस, काय झालं. त्यातलं थोडं वाचून दाखवते.

चौथा दिवस. रक्तस्राव सुरू. हे शेवटचं विड्रॉवल ब्लीड.

एकोणिसावा दिवस. चेहरा दुपारपर्यंत तेलकट.

चाळिसावा दिवस. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला मोठे, दुखरे फोड. शेवटचे असे फोड बारावीत आले होते.

शेहेचाळिसावा दिवस. पाळी नाही. प्रेग्नन्सी टेस्ट केली. निगेटिव्ह.

सत्तरावा दिवस. अंघोळीनंतर जाळीवर केसांचा पुंजका. रोज.

चौऱ्याण्णवावा दिवस. पाळी नाही. डॉक्टर.

आता एकेक गोष्ट का झाली ते बघू.

फोड आणि केस

बायकांच्या शरीरातही टेस्टोस्टेरॉन असतं. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत एसएचबीजी नावाचं प्रथिन जास्त बनवतं. हे प्रथिन टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं, मोकळं फिरू देत नाही. म्हणून गोळीवर असताना त्वचा साफ दिसते, चेहऱ्यावरचे केस कमी होतात. गोळी थांबली की प्रथिन खाली येतं, मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, तेलग्रंथी कामाला लागतात. ज्यांना मुळात पीसीओएस आहे त्यांना हे जास्त जाणवतं.

केसांचं वेगळं आहे. हार्मोनमध्ये मोठा बदल झाला की वाढत असलेले बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. बाळंतपणानंतर केस गळतात ना, साधारण तसंच. बहुतेक वेळा हे काही महिन्यांत आपोआप थांबतं. माझं सहाव्या महिन्यात थांबलं. त्या आधी मी तीन प्रकारची तेलं विकत घेतली होती, त्याचा हिशोब शीटमध्ये नाही.

शरीर "साफ" करायची पावडर

फोन आपलं ऐकतो म्हणतात ते खरं असावं. चाळिसाव्या दिवसापासून मला रील्स दिसायला लागल्या. गोळीचं विष शरीरात साठलंय, हा चहा घ्या, ही पावडर घ्या, नव्वद दिवसांत डिटॉक्स.

गोळीतल्या इस्ट्रोजेनचं रक्तातलं प्रमाण साधारण दिवसभरात निम्मं होतं, दुसऱ्या दिवशी त्याच्या निम्मं. आठवड्याभरात सांगण्यासारखं काही उरत नाही. साठून राहिलेलं काही नाहीच, तर पावडर काय साफ करणार? नंतर जे महिनोन्महिने चालतं ते विष बाहेर पडणं नसतं. आपली स्वतःची हार्मोन्स परत कामाला लागलेली असतात, आणि ज्यांची घडी मुळातच विस्कटलेली होती त्यांची ती तशीच परत येते.

आणि वजन. गोळीने खूप वजन वाढतं किंवा सोडली की आपोआप उतरतं, याचा ठोस पुरावा दोन हार्मोनच्या गोळीबाबत अभ्यासांत मिळालेला नाही. माझं दोन किलो वाढलं, त्यात गोळीपेक्षा रात्रीच्या ऑर्डर्सचा हात जास्त असावा. मूडचं मात्र कुणाचं कसं होईल सांगता येत नाही. गोळी सोडल्यावर काहींना मोकळं वाटतं, काहींना उदास. उदासी दोन आठवडे हटत नसेल तर "हार्मोन्स असतील" म्हणून गप्प बसू नका, दाखवा.

आता मूल होईल ना गं?

गोळी बंद केल्याचं मी आईला दीड महिन्याने सांगितलं. फोनवर. पहिल्यांदा ती काहीच बोलली नाही. मग हळू आवाजात, "आठ वर्षं खाल्ल्यास त्या. आता मूल होईल ना गं? मीच दिल्या तुला."

माझ्या लग्नाला तेव्हा एक वर्ष झालं होतं. आम्हाला दोघांना एवढ्यात मूल नकोय. पण नको असणं वेगळं आणि होणारच नाही असं वाटणं वेगळं. त्या रात्री मी झोपले नाही.

तर ऐका. २०१८ मध्ये २२ अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला होता. गोळी, कॉपर टी, इम्प्लांट अशी साधनं थांबवलेल्या चौदा हजारांहून जास्त बायकांची माहिती त्यात होती. वर्षभराच्या आत सुमारे ८३ टक्के जणींना गर्भ राहिला. आणि साधन किती वर्षं वापरलं, यामुळे फरक पडल्याचं दिसलं नाही. एक वर्ष काय, आठ वर्षं काय.

अपवाद इंजेक्शनचा. तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन असतं, सरकारी दवाखान्यात २०१७ पासून "अंतरा" नावाने मिळतं. त्याचा परिणाम उतरायला वेळ लागतो, पाळी आणि गर्भधारणा पूर्ववत व्हायला वर्षभरही लागू शकतं. ते नुकसान नाही, औषधाचा गुणच तसा आहे. पण लवकर मूल हवं असेल तर आधीच माहीत असावं.

आता याची दुसरी बाजू. गोळी थांबवली की लगेचच गर्भ राहू शकतो, पहिली पाळी यायच्या आधीसुद्धा! कारण बीज आधी बाहेर पडतं, पाळी नंतर येते. "अजून पाळी आली नाही म्हणजे सेफ" असं नसतं. म्हणून पाळी लांबली तर पहिलं काम, प्रेग्नन्सी टेस्ट. मी मेडिकलमधून किट आणलं तेव्हा दुकानदाराने न विचारता कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून दिलं. आईचं खोकं आठवलं मला.

आम्ही लगेच कंडोम सुरू केले. ज्यांना इस्ट्रोजेन चालत नाही त्यांच्यासाठी कॉपर टी आहे, त्यात हार्मोनच नसतं आणि ३८०ए प्रकारची दहा वर्षं चालते. आठवड्याच्या हिशोबाने घ्यायची "छाया" ही गोळीही हार्मोनची नाही, ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेल्या औषधाची आहे. तुम्हाला काय चालेल ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

चौऱ्याण्णवावा दिवस

गोळी थांबवल्यावर बहुतेकींना चार ते सहा आठवड्यांत पाळी येते. तीन महिने होऊनही आली नाही तर वाट बघायची नाही. दोन कारणं आहेत. एक, गोळीमुळे झाकलेलं काही असेल तर ते आता शोधता येतं. दोन, बीज बाहेर पडत नसेल तर अस्तर वाढतच राहतं, गळत नाही, आणि असं वर्षानुवर्षं राहणं गर्भाशयासाठी चांगलं नसतं.

मी या वेळी नवीन स्त्रीरोगतज्ज्ञ शोधल्या. शीट दाखवली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "असे पेशंट रोज आले तर माझं काम अर्धं होईल." मग त्यांनी विचारलं, "एकोणिसाव्या वर्षी निदान कशावरून झालं होतं?"

मी म्हटलं, सोनोग्राफी.

त्यांनी समजावलं. पीसीओएस ठरवताना तीन गोष्टी बघतात. पाळी अनियमित आहे का, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट आहे का, आणि सोनोग्राफीत अंडाशयात खूप पुटिका दिसतात का. तीनपैकी दोन हव्यात, आणि थायरॉइडसारखी दुसरी कारणं आधी बाजूला काढायची. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवर निदान करू नये, कारण त्या वयात पुष्कळ मुलींच्या अंडाशयात तशा पुटिका दिसतात. माझी पहिली पाळी तेराव्या वर्षी, म्हणजे तेव्हा सहाच वर्षं झाली होती. आणि गोळीवर असताना हार्मोनच्या तपासण्या खऱ्या येत नाहीत, त्यासाठी गोळी थांबवून निदान तीन महिने जावे लागतात. म्हणजे मधल्या आठ वर्षांत कुणी तपासायला गेलं असतं तरी नीट कळलं नसतं.

तपासण्या झाल्या. परत एकदा प्रेग्नन्सी टेस्ट, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, सोनोग्राफी, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर. थायरॉइड, प्रोलॅक्टिन नॉर्मल. टेस्टोस्टेरॉन थोडं वर. दोन तासांनंतरची साखर नॉर्मलपेक्षा वर, डायबेटिसच्या खाली.

म्हणजे पीसीओएस खरंच होता. गावातल्या डॉक्टरांचं निदान बरोबर निघालं. पण साखरेकडे आठ वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. पीसीओएस फक्त पाळीचा आजार नाही, पुढे डायबेटिस होण्याचा धोकाही त्यात वाढतो. माझ्या आजीला डायबेटिस होता, बाबांना आहे. पाळी दर महिन्याला "येत" होती, म्हणून मी कधी साखर तपासलीच नाही.

हे कळल्यावर आधी राग आला आणि मग, खरं सांगते, हलकं वाटलं. फोड, केस, लांबलेली पाळी, यातलं काही गोळीने बिघडवलेलं नव्हतं. ते आधीपासून होतं. गोळीने ते झाकलं होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं की हे झाकण आहे.

डॉक्टरांनी दहा दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या, अस्तर गळायला. मग रोज जेवणानंतर चालणं, आठवड्यातून तीनदा वजनं उचलणं, साखरेसाठी औषध. आणि हेही सांगितलं की मूल हवं असेल तेव्हा, बीज आपोआप बाहेर येत नसेल तर, त्यासाठी गोळ्या आहेत. पीसीओएस म्हणजे मूल होत नाही, असं नाही.

मग गोळी वाईट का?

नाही. हा भाग ऐकून कुणी आज रात्री स्ट्रिप फेकून देऊ नका. पाळीत लोळण घ्यायला लावणारं पोटदुखणं, एंडोमेट्रिओसिस, खूप जास्त रक्तस्राव, यात गोळीने कितीतरी जणींचं आयुष्य सोपं केलंय. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका ती कमी करते. मलाही हॉस्टेलची ती वर्षं तिने नीट काढू दिली.

माझी तक्रार गोळीबद्दल नाही. न विचारण्याबद्दल आहे, त्यांच्या आणि माझ्यासुद्धा. म्हणून हे लक्षात ठेवा, स्क्रीनशॉट काढा हवं तर:

१. गोळी सुरू करताना विचारा: ही कशासाठी? किती दिवस? परत कधी दाखवायचं?

२. बीपी मोजून घ्या, दर वर्षी. रेघा दिसून डोकं दुखणं, पूर्वी रक्ताची गाठ झालेली असणं, बीपी, सिगरेट (विशेषतः पस्तिशीनंतर), हे सगळं स्वतःहून सांगा. लाजू नका.

३. खोक्यातला कागद वाचा. खोकं फाडायचं तर फाडा, कागद ठेवा.

४. गोळी चालू असताना एकाच पायाला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, अचानक दम लागणं, बोलताना शब्द अडखळणं, एका बाजूला बधिरपणा असं झालं तर थेट हॉस्पिटल.

५. थांबवायची असेल तर डोस हळूहळू कमी करावा लागत नाही. पाकीट संपवून थांबवलं तर हिशोब सोपा जातो. मध्येच थांबवली आणि त्या आठवड्यात संबंध आला असेल तर गर्भ राहू शकतो. दुसरं साधन त्याच दिवसापासून. डॉक्टरांनी लगेच थांबवा म्हटलं तर मात्र पाकीट संपायची वाट बघू नका.

६. तारीख लिहा. पाळी लांबली तर टेस्ट. तीन महिने झाले तर डॉक्टर.

७. मनाने एक महिना घ्या, दोन महिने सोडा, असं करू नका. रक्ताच्या गाठीचा धोका गोळी सुरू केल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो, आणि मोठ्या खंडानंतर परत सुरू केल्यावरही तसाच.

आणि मग

त्या दहा गोळ्यांनंतर रक्तस्राव झाला. त्यानंतर चव्वेचाळीस दिवसांनी, कुठलीही गोळी न घेता, पाळी आली. ऑफिसमध्ये होते. पोटात दुखायला लागलं, कंबर धरली आणि मला कळेचना काय होतंय. हे दुखणं मी विसरलेच होते. बॅगेत पॅड नव्हतं, कारण आठ वर्षं मला आधीच माहीत असायचं, गोळी संपल्यावर चौथा दिवस. शेजारच्या टीममधल्या मुलीकडून घेतलं.

संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, "आई, आली. आपली आपण."

ती म्हणाली, "गरम पाण्याची पिशवी घे पोटावर." मग जरा थांबून, "तो कागद मी तेव्हाच वाचायला हवा होता गं."

मी म्हटलं, "तो इंग्रजीत होता आई, आणि अक्षर केवढं होतं! तो डॉक्टरांनी सांगायला हवा होता."

त्यानंतरच्या पाळ्या एकेचाळीस, अडतीस आणि बावन्न दिवसांनी आल्या. घड्याळ अजूनही अनियमित आहे, पण माझं आहे. साखर सध्या नॉर्मलमध्ये आलीय. डोकं अधूनमधून दुखतं, रेघा मात्र सात महिन्यांत दिसल्या नाहीत.

तुमच्यापैकी कुणी वर्षानुवर्षं "पाळीची गोळी" घेत असेल, तर आज एवढंच करा, स्ट्रिपवरचं नाव वाचा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, "ही मी का घेतेय?" उत्तर नीट मिळालं तर बिनधास्त घ्या.

भाग आवडला तर मैत्रिणीला पाठवा. आईलाही पाठवा.